छाट

कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या सावलीला
बावीस वर्षं माझा टाइपरायटर आहे.
त्याचा 'र' नीट उठत नाही.
त्यामुळे 'सरकार' लिहिलं
की शब्द दोन जागी फिका पडतो.

नरसूबाई येमूल दर तारखेला येते.
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून,
पिशवीत पाण्याची बाटली आणि कागदांचं भेंडोळं.
तिच्या सायन्नानं पगारातली उचल मागितली
म्हणून मुकादमानं त्याच्या कानशिलात धोटा हाणला.
आता त्याला डाव्या बाजूचं जग ऐकू येत नाही.
मागाची खटखटसुद्धा अर्धीच.

साडेपाच वर्षांत चौथा सरकारी वकील.
पहिल्याची मुदत संपली.
दुसऱ्यानं फाइल उघडली ती कोर्टात, सगळ्यांसमोर,
आणि साक्षीदाराला आरोपीच्या नावानं हाक मारली.
तिसरे बरे होते, म्हणून असेल,
फार दिवस टिकले नाहीत.
चौथे काल म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं काय आहे?"
जणू गोष्ट आजच घडली.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली.
"ह्येला कुणी नेमलं?"
सरकारनं, मी म्हणालो.
"आन् ही कागदावर वरती काय लिवलंय?"
मी वाचून दाखवलं : महाराष्ट्र शासन विरुद्ध.
"माझं नाव कुठंय?"
नाही. तुमच्या वतीनं सरकार भांडतं.
बराच वेळ ती
त्या दोन फिक्या अक्षरांकडे बघत राहिली.

तिचा भाचा मधुसूदन अमेरिकेत असतो.
फोनवर त्यानं सांगितलं म्हणे,
तिकडं बऱ्याच गावांत सरकारी वकील मतं मागत फिरतो.
पण त्याचं नाव असतं पार खाली,
लांबलचक कागदाच्या बुडाला,
आणि तिथवर पोचेतो लोकांचा हात थकतो,
कितीतरी जण तो रकाना कोराच टाकतात.
"येडी हायेत काय?" ती म्हणाली.
मग स्वतःच गप्प झाली.

कारण मागच्या मतदानाला ती गेली नव्हती.
रांगेत दोन तास म्हणजे दोनशे विड्या,
दोनशे विड्या म्हणजे त्या दिवसाचं तेल.
हिशोब चुकीचा नव्हता.
फक्त त्यात सायन्नाचा कान धरला नव्हता.

"बघा टायपिस्ट," ती म्हणाली,
"कारखान्यात रोज माझी छाट निघती.
ही बारीक, ही ढिली, हिचं पान फाटकं,
चेकर मूठभर काढून बाजूला टाकतो,
पैसा माझा जातो.
अन् पाच वर्षांतनं एक दिवस
चेकर मी असती.
त्या दिवशी मी घरात बसून विड्या वळलाल्ते."

आपल्या यादीत वकिलाचं नाव नसतं.
असतं ते त्याला नेमणाऱ्याचं,
किंवा नेमणाऱ्याला नेमणाऱ्याचं.
मी तिला हे समजावायला गेलो,
तिला ते आधीच समजलं होतं.

यंदा उमेदवार घरकुलात आला, हार, ढोल, पेढे.
नरसूबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, विचारलं,
"कोर्टात आमचा वकील कसला देणार?"
तो हसला. "आजी, नळाचं सांगा."
नळाचंही तिनं सांगितलं.

मतदानादिवशी ती सकाळी सातला उभी होती,
महापालिकेच्या शाळेत, सायन्नाच्या डाव्या बाजूला,
म्हणजे हाक आली तर त्याला सांगता यावी.
शाई लावणारी मुलगी गोंधळली.
तंबाखूनं बोट इतकं तपकिरी
की डाग कुठं उमटवायचा?
"लाव गं, पुसलं तरी मला म्हाइत हाय."

हसणाराच निवडून आला.
मी बातमी वाचून दाखवली, जरा चाचरत :
अठराशे मतांनी.

तिनं बोटांवर मोजलं.
"अठराशे? बस्स?
दोन दिवसांच्या विड्या."

मग पिशवीतून कागद काढला,
पुढची तारीख विचारली,
आणि म्हणाली, अर्ज लिहा,
सरकारी वकील सारखे बदलू नका म्हणून.
"आन् ती अक्षरं जरा जोरात दाबा."